जिन्याखालचा जावई

आमच्या घरातला टब कायम भरलेला असतो. डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या आमच्या एस्टेटमध्ये सगळी घरं एकसारखी आहेत, सगळे टब एकसारखे आहेत, आणि बाकीचे लोक त्यात उभे राहून शॉवर घेतात. आम्हाला ते जमत नाही, कारण आमच्या टबात पाणी असतं. काठोकाठ. म्हणून आम्ही दोघं आंघोळीला जिममध्ये जातो. त्या जिमचे आम्ही जुने सभासद आहोत आणि तिथल्या एकाही मशीनला आजवर हात लावलेला नाही. रिसेप्शनवरचा माणूस आधी विचारायचा, व्यायाम कसा झाला. आता तो फक्त शांपू कुठला वापरता ते विचारतो.

टब घरमालकाचा, पाणी ज्ञानेशचं.

ज्ञानेश माझा मित्र. कराडचा. स्वभावाने अतिशय साधा, फक्त तो जिन्याखाली झोपतो. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो, तर जिन्याखाली एक बुटकं प्रेस आहे ज्यात सभ्य लोक व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात. आम्ही तिथे ज्ञानेश ठेवला आहे. वरची मोठी बेडरूम त्याच्या नावावर आहे, भलीमोठी खिडकी, मागच्या बागेचं दृश्य. तिथे व्हॅक्यूम क्लीनर राहतो. घराला खिडक्या असणं ही ज्ञानेशच्या मते बांधकामातली चूक आहे आणि इतक्या लोकांनी ती एकमेकांची बघून केली आहे.

हे असं का, तर आम्ही दोघं युक्रेनमध्ये डॉक्टरी शिकत होतो. सुमी नावाच्या गावात, पाचव्या वर्षाला. युद्ध सुरू झालं त्या सकाळी आमची बालरोगाची तोंडी परीक्षा होती. पहिला धमाका झाला तेव्हा मी पलंगावरून खाली पडलो आणि माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार, देवाशपथ, हा होता की आता परीक्षा पुढे जाईल. गेली. भरपूर पुढे गेली.

मग रस्ते बंद झाले, दुकानं रिकामी झाली, वीज गेली, आणि त्यापाठोपाठ पाणी गेलं. हॉस्टेलच्या तळघरात बटाटे, मोडके हीटर आणि आम्ही. शहराला वेढा पडला होता. आम्ही बाहेर जाऊन बादलीत बर्फ भरून आणायचो आणि वितळवायचो. बादलीभर बर्फातून जेमतेम तांब्याभर पाणी निघतं, ही गोष्ट आम्हाला इतक्या वर्षांत कुठल्याच प्राध्यापकाने सांगितली नव्हती. पाणी वाटायचं काम ज्ञानेशकडे आलं, कारण लग्नाच्या पंगतीत वाढण्याचा अनुभव असलेला तिथे तो एकटाच होता. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण हे माप. झाकणभर पाणी ओतायचा आणि पंगतीतल्यासारखं खाली वाकून म्हणायचा, "सावकाश होऊ द्या." तळघरात केरळची पोरं होती, तेलुगू होती, नायजेरियाचा एक होता. आठवड्याभरात सगळे एकमेकांना "सावकाश होऊ द्या" म्हणायला लागले. नायजेरियन पोराचा उच्चार सगळ्यात शुद्ध होता.

मग एक दिवस बसेस आल्या आणि आम्ही सुटलो. उरलेली डिग्री कॉम्प्युटरवर झाली, डब्लिनला मास्टर्स झालं, नोकऱ्या लागल्या. ज्ञानेश औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासतो. मी एका कंपनीत फोनवर लोकांना त्यांचं बीपीचं मशीन कसं चालू करायचं ते सांगतो. कागदावर आम्ही डॉक्टर आहोत, पण कागद इथे अजून चालत नाही.

आणि मग सानिका आली.

सानिका लातूरची, ग्रँड कॅनाल डॉकला एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिने ज्ञानेशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टेबलांखालून रिकाम्या बाटल्या गोळा करत होता. तिला वाटलं, पर्यावरणवादी आहे. बाटल्यांचं खरं कारण कळेपर्यंत उशीर झाला होता, ती प्रेमात पडली होती. तिला टब माहीत होता, प्रेस माहीत होतं, सगळं माहीत होतं, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की जिममध्ये जातोच आहात तर कधीतरी वजनंही उचला.

अडचण होती तिच्या आई-वडिलांची. ते लेकीला भेटायला लातूरहून आले होते. बिराजदारकाका म्हणजे निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. आयुष्यभर शाळा तपासल्या. त्यांची पद्धत प्रसिद्ध होती: न सांगता जायचं, आधी मुताऱ्या बघायच्या, मग फळा. त्यांनी सानिकाला सांगितलं, "मुलगा आम्ही व्हिडिओवर बघितलाय. व्हिडिओवर सगळेच चांगले असतात. आता तो राहतो कसा ते बघू, मग काय ते सांगू."

"नाही म्हणाले तर आपण रजिस्टर करू," सानिका म्हणाली. "इट्स ग्रँड. नंतर येतील लाइनवर."

ज्ञानेश मान हलवत राहिला. "नको. मी एकदा एक शहर सोडून पळालोय. आता कुणाच्या घरातून कुणाला घेऊन पळणार नाही. ते हो म्हणाले तरच."

ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. भांडी घासून झालेली होती तरी एक पातेलं परत घासलं.

"कुशल."

"बोल."

"ते हो म्हणायला हवेत रे."

ह्या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. तळघरातसुद्धा स्वतःचं झाकण तो शेवटी भरायचा, आणि ते अर्धंच भरायचा. त्यामुळे मी ठरवलं की हे स्थळ मी जुळवून देणार, मग मला काहीही करावं लागो. मला काहीही करायला सांगितलं की मी ते फार पद्धतशीरपणे करतो, आणि तिथेच घोळ होतो.

शनिवारी आम्ही घर बिनयुद्धाचं करायला घेतलं. तांदळाच्या गोण्या, टोस्टची खोकी, मेणबत्त्या, कॅम्पिंगचा गॅस, राजम्याचे डबे, सगळं माझ्या गाडीत कोंबलं. गाडी मागून इतकी खाली बसली की समोरच्या घरातला माणूस बघून म्हणाला, बॉडी कुणाची आहे? त्याला मी सांगितलं, अजून ठरलं नाही. काचा फुटून उडू नयेत म्हणून खिडक्यांवर लावलेली चिकटपट्टी काढली. व्हॅक्यूम क्लीनर त्याच्या बेडरूममधून सन्मानाने प्रेसमध्ये आणून ठेवला, ज्ञानेशची गादी त्याच्या मागे दुमडली. वरच्या पलंगावर कुणी झोपतं असं वाटावं म्हणून मी त्यावर थोडा वेळ लोळून सुरकुत्या पाडल्या.

राहिला टब.

"टब नाही," ज्ञानेश म्हणाला.

"अरे एका दिवसापुरता. ते गेले की परत भर."

"टब नाही, कुशल."

"काका आल्या आल्या बाथरूम बघणार आहेत! त्यांचं करिअर आहे ते!"

"मग झाक. रिकामा नाही करायचा."

म्हणून मी कपाटाचं एक दार उचकटून टबावर आडवं टाकलं, त्यावर टेबलक्लॉथ घातला, वर एक झाडाची कुंडी आणि एक मासिक ठेवलं. लांबून बघितलं तर बाथरूममध्ये टेबल असल्यासारखं दिसत होतं. जवळून बघितलं तरी तसंच दिसत होतं, आणि हीच अडचण होती.

"बाथरूममध्ये टेबल का, असं विचारलं तर?" ज्ञानेश म्हणाला.

"युरोपात असतं म्हणायचं."

"आपण युरोपातच आहोत."

"मग झालं तर. पुरावाच आहे."

रविवारी दुपारी सानिका आई-वडिलांना घेऊन आली. काकांनी ब्लेझर आणि माकडटोपी घातली होती. काकूंनी इरकली साडी, त्यावर सानिकाचं पफर जॅकेट, खाली स्पोर्ट्स शूज. पाऊस आहे की नाही ते ठरत नव्हतं, म्हणजे इकडचा नेहमीचा. मी दार उघडलं, वाकून नमस्कार केला. काकांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "संडास कुठं आहे?"

काही लोक आधी पाणी मागतात.

ते वर गेले. आम्ही खाली उभे. ज्ञानेशच्या कपाळावर घाम आला होता, आणि आयर्लंडमध्ये घाम येण्यासाठी माणसाला खरोखर कष्ट घ्यावे लागतात. वरून काही आवाज नाही. मग काकांचा आवाज आला, अगदी शांत, शाळेत एखाद्या वर्गात मास्तरच सापडले नाहीत की येत असेल तसा.

"प्रमोदिनी. जरा वर ये."

काकू गेल्या. आम्ही सगळेच गेलो. बाथरूम केवढं, त्यात पाच माणसं आणि एक टेबल.

"हे टेबल इथं कशाला?" काकांनी विचारलं.

"काका, युरोपात ना..." मी सुरुवात केली.

काकूंनी कुंडी उचलून माझ्या हातात दिली. मासिक काकांच्या हातात दिलं. टेबलक्लॉथची घडी घातली, कारण त्या कुठलंही कापड घडी घातल्याशिवाय बाजूला ठेवू शकत नाहीत. मग कपाटाचं दार उचललं. खाली पाणी. काठोकाठ.

काकूंनी बोट बुडवून वास घेतला. "कवाचं पाणी हाय हे?"

खोटं बोलणं ज्ञानेशच्या अभ्यासक्रमात नव्हतं. "महिन्याने बदलतो, काकू."

"म्हयन्यानं? अगं माय! शिळं पाणी प्यायलेत का लेकरं?" आणि मग त्या काकांकडे वळल्या. इतर आया 'पोराने स्वतःचं घर घेतलंय' हे ज्या सुरात सांगतात ना, नेमक्या त्या सुरात त्या म्हणाल्या, "अहो, बघितलाव का? पाणी भरून ठेवतंय पोरगं."

मी सानिकाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

मला काय माहीत. लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं हे मी बातम्यांत बघितलं होतं, पण बातम्यांतल्या लोकांना पुढे मुली होतात आणि त्या आपल्या मित्राच्या प्रेमात पडतात असं कधी डोक्यात येत नाही. बिराजदारांच्या घरी त्या उन्हाळ्यापासून आजपर्यंत एकही भांडं रिकामं झोपलेलं नाही. टाकी, टाकीखाली हौद, गच्चीवर दुसरी टाकी, अंगणात ड्रम, शिवाय काकू कुकरसुद्धा भरून ठेवतात. त्यांना डब्लिनमध्ये आल्यापासून एकच गोष्ट खुपत होती: लोक दात घासताना नळ चालू ठेवतात आणि त्यांना अटक होत नाही.

"किती लिटर बसतं?" काकांनी विचारलं.

"दीडशेच्या आसपास," ज्ञानेश म्हणाला.

"झाकण?"

"हे दार... आजच केलंय."

"छान केलंय. कायम ठेवा. पण रोज सकाळी ओतायचं आणि ताजं भरायचं. ओतलेलं झाडांना." काकांनी टबाच्या काठावरून हात फिरवला. "हे आपल्याकडं का नाही मिळत?"

सानिका माझ्या कानात म्हणाली, "मी मेसेज केला होता, टब लपवू नका, त्यांना आवडेल."

"कधी?"

"काल. तू हसण्याचा इमोजी टाकलास."

आता तुम्ही म्हणाल, झालं, जुळलं. मलाही तसंच वाटलं. मी खाली जाऊन पोहे वाढायला घेतले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. माझ्या कानात सनई वाजत होती. काका ज्ञानेशशी सिमेंटचा हौद चांगला की प्लास्टिकची टाकी यावर बोलत उतरले. त्यांच्या मागून काकू उतरायला लागल्या, आणि तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय अडकला.

"आता हे काय गं बाई?"

ती नाडी होती.

पायजम्याची नाडी. म्हणजे बऱ्याच पायजम्यांच्या बऱ्याच नाड्या, एकमेकींना गाठी मारलेल्या. एक टोक जिन्याखालच्या प्रेसमध्ये. तिथून ती दाराच्या फटीतून बाहेर येते, कठड्याला धरून जिना चढते, वर वळते आणि माझ्या खोलीत जाते. आम्ही राजम्याचा शेवटचा डबासुद्धा लपवला होता. नाडी लपवायला आम्ही विसरलो असं म्हणता येणार नाही. ती आम्हाला दिसायचीच थांबली होती. तिला रोज ओलांडून आम्ही वर-खाली करायचो. सानिकाने एकदा तिच्यावर नॅपकिन वाळत घातला होता.

काकूंनी नाडी हातात धरली. आधी तिच्या मागोमाग खाली आल्या, प्रेस उघडलं, व्हॅक्यूम क्लीनर बाजूला सारला. मागे दुमडलेली गादी, उशी, टॉर्च, ज्ञानेशच्या चष्म्याचं घर, आणि नाडीला मनगटाएवढा फास. मग तीच नाडी धरून त्या वर गेल्या. माझ्या खोलीत. माझी गादी, माझी उशी, आणि नाडीला मनगटाएवढा फास.

खाली येऊन त्या काकांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. काकांनी माकडटोपी काढली. हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

"डॉक्टर, एक विचारतो. राग मानू नका."

"विचारा ना काका," ज्ञानेश म्हणाला.

"तुमचं दोघांचं..." काकांनी घसा साफ केला. "म्हणजे आता काळ बदललाय. आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. ज्याचं त्याचं आयुष्य. पण मग ह्यात सानिकाचं काय काम?"

सानिकाला पोह्यांचा ठसका लागला. ती उठून सिंककडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

ह्या वेळी गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "काका, तसं असतं तर एवढी लांब नाडी कशाला लागली असती?"

कुणी हसलं नाही.

"मग कशाला लागते?" काकूंनी विचारलं.

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. गेली काही वर्षं मी ते सगळ्यांना ऐकवत आलोय, आणि लोक खूप हसतात. "त्याचं काय आहे काकू, ज्ञानेश झोपेत घाबरतो. मग तो नाडी ओढतो, मी इकडून ओढतो, म्हणजे त्याला कळतं की मी आहे. मग झोपतो बिचारा." इथे ज्ञानेश नेहमी लाजून मान डोलावतो. तो भाग त्याचा आहे.

आज त्याने मान डोलावली नाही.

काकू हळूच म्हणाल्या, "जावई जिन्याखाली झोपतोय. हाताला नाडी बांधून. मी घरी जाऊन काय सांगू लोकांला? आणि लेकीनं कुठं झोपायचं, त्या झाडायच्या मशीनपशी?" त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी माकडटोपीची घडी घातली आणि ती खिशात ठेवली, जसा तपासणीचा शेरा लिहून झाल्यावर माणूस पेन ठेवतो.

"काका," ज्ञानेश म्हणाला, "नाडी माझ्यासाठी नाहीये."

"ज्ञान्या, पोहे गार होतायत," मी म्हणालो.

"गप रे जरा."

ज्ञानेश मला गप म्हणाला. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा. मी इतका चकित झालो की गप्प बसलो.

"तळघरात हा सारखा बोलायचा," ज्ञानेश काकांना सांगू लागला. "सायरन वाजला तरी बोलायचा. त्याच्या बडबडीवर सगळी पोरं जगत होती. पाणी मी वाटायचो, बाकी सगळं हाच. एका दुपारी आम्ही दोघं बर्फ आणायला गेलो. रस्त्यापलीकडे बॉम्ब पडला. आम्हाला काही झालं नाही, बादली सांडली फक्त. आम्ही परत आलो. हा भिंतीकडे तोंड करून बसला, आणि त्याने बोलायचं थांबवलं."

"मी?" मी म्हणालो.

"खात नव्हता. तोंडात पाणी घातलं तर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. सायरन झाला तरी उठेना. मी पाचव्या वर्षाला होतो काका, डॉक्टर होणार होतो, आणि मला काहीही सुचत नव्हतं. मग मी पायजम्याची नाडी काढली. एक टोक ह्याच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या. आणि ओढत राहिलो. ओढायचो, थांबायचो, बघायचो. काही नाही. परत ओढायचो. मग कधीतरी... तिकडून ओढली गेली. इतकी हळू की मला आधी वाटलं माझाच हात हलला."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"बसेस आल्या तेव्हा ह्याला त्याच नाडीने बसपर्यंत आणलं. वाटेत सैनिक बघत होते. एका हातात नाडी, दुसऱ्या हातात माझा पायजमा, कारण तो धरून ठेवायला लागत होता." तो थोडं हसला. "पुढे पोल्टावाच्या स्टेशनवर हा बोलायला लागला. आणि अजून थांबलेला नाही. हा बोलत असला की मला कळतं, ठीक आहे. पण झोपेत बोलत नाही ना. म्हणून मी ओढून बघतो. तिकडून ओढली गेली की मग मी झोपतो."

तुम्हाला खरं सांगू का? मला बर्फ आठवतो. बादली आठवते, निळी होती. त्यानंतर मला एकदम स्टेशन आठवतं. मधलं काही नाही. मी कधी त्याचा विचारही केला नव्हता. मला वाटायचं, बस लवकर आली असेल. मी रोज त्याला धीर द्यायला नाडी ओढत होतो. आणि तो रोज मी आहे का ते बघत होता. आणि वर मी लोकांना सांगत फिरायचो की बिचारा घाबरतो, आणि तो मान डोलवायचा.

"काका, टब नको असेल तर मी आजच रिकामा करतो," ज्ञानेश म्हणाला. "जिन्याखाली झोपणं सोडून बघतो, जमेल का माहीत नाही, पण प्रयत्न करतो. नाडी सोडणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, असं म्हणत नाहीये मी. अजिबात चालणार नाही. पण सोडणार नाही."

सिंकपाशी सानिका आता हसत नव्हती. तिने नळ सुरू केला आणि तिचे वडील बघतायत हे आठवून लगेच बंद केला.

काका ज्ञानेशकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही रोज करता?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा?"

"हो."

"आजारी असलात तर?"

"तेव्हा दोनदा."

काकांनी मान हलवली. "आयुष्यभर हजेऱ्या तपासल्या मी. खाडाखोड नसलेली हजेरी ही पहिलीच." मग ते काकूंकडे वळले. "काय म्हणतेस?"

काकूंनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि एकदम हिशेबी आवाजात म्हणाल्या, "मी काय म्हणायलेय, जिन्याखाली नको बाबा. वरच्या खोलीत झोप. ह्या लेकराची खोली तर शेजारीच हाय. भिंतीला भोक पाडा आणि नाडी तिकडूनच न्या. जिन्यात नको, एखादं म्हातारं माणूस पडंल."

"घरमालक भोक पाडू देणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

"दाराखालून न्या मग. शिकलेले ना तुम्ही!"

मी म्हणालो की लग्न झाल्यावर मी दुसरीकडे खोली बघेनच, तेव्हा नाडीचा प्रश्न... पण सानिकाने मला पूर्ण बोलू दिलं नाही. "कुठे बघणार आहेस? डब्लिनमध्ये खोली? तुला कॉर्कलासुद्धा मिळणार नाही. तू कुठेही जात नाहीयेस, कुशल. तू गेलास तर हा झोपणार नाही आणि मग मला जागं राहावं लागेल. मला स्टँडअप मीटिंग असते सकाळी."

काका उठले. ब्लेझरच्या आतल्या खिशातून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक पांढरी टोपी आणि एक पंचा. लातूरहून आणलेला, घडीचा, किमतीचं लेबल अजून वर. "काल कराडला फोन झाला," ते मला म्हणाले. मला, ज्ञानेशला नाही. "ज्ञानेशरावांचे वडील म्हणाले, आम्हाला एवढ्या लांब येणं जमत नाही, तिथे मुलाकडचा माणूस म्हणून कुशल आहे. तो म्हणेल ते आम्हाला मान्य. तेव्हा मान तुमचा. उभे राहा."

मी उभा राहिलो. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, पंचा खांद्यावर घातला. काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "अक्षता?"

तांदूळ सगळा माझ्या गाडीत होता, आणि मोजे घालून बाहेर ओल्यात कोण जाणार. काकूंनी बशीतल्या पोह्यांतून दोन दाणे उचलले आणि कुंकवावर चिकटवले. पिवळे तर ते होतेच.

"आता तुम्हाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा," काका म्हणाले. "मुलाकडच्यांचा हक्क असतो. स्वयंपाक, नोकरी, काय असेल ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्ञानेश तर फारच बघत होता. सानिका हात बांधून समोर उभी राहिली, ओठ दाबून. माझ्याकडे तिला विचारण्यासारखे कितीतरी भारी प्रश्न होते. मी त्यांतला एक उचलला, परत ठेवला, दुसरा उचलला. शेवटी मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"सानिका, तुझी झोप सावध आहे का?"

तिने ज्ञानेशकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शेजारच्यांचं मांजर कुंपणावरून गेलं तरी मला जाग येते," ती म्हणाली.

"मग आमच्याकडून पसंती आहे," मी म्हणालो.

ज्ञानेश मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. काकू "अगं माय, पोरगं रडायलंय" म्हणत त्याच्याकडे गेल्या. काका लगेच भिंतीकडे वळले आणि बॉयलरची तपासणी करू लागले. मी टोपी सांभाळत जागच्या जागी उभा होतो. माझ्या कपाळावरचा एक पोहा खाली पडला. तो मी खाल्ला. मीठ जरा कमी होतं.